तोच कोड सात जणांकडे: ऑनलाइन कोडिंग स्पर्धेतली कॉपी कशी आवरायची

लक्षण ओळखीचं आहे. दोन तासांची ऑनलाइन स्पर्धा, सहा प्रॉब्लेम. तासभर उलटला तरी चौथा प्रॉब्लेम एकानेच सोडवलेला. मग शेवटच्या वीस मिनिटांत तोच चौथा धडाधड हिरवा होत जातो आणि ज्यांचा दुसराही सुटलेला नाही त्यांचाही चौथा सुटतो. निकाल लागतो, ग्रुपवर कुजबुज सुरू होते, आयोजक म्हणतात पुढच्या वर्षी कॅमेरा लावू. पुढच्या वर्षी कॅमेरा लागतो आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांसाठी अशा स्पर्धा भरवणाऱ्यांकडून हीच तक्रार दरवर्षी ऐकू येते, म्हणून सगळं एका जागी लिहितो आहे. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे न पटणाऱ्यांचा वेळ वाचेल. ज्या फेरीवर बक्षीस ठरतं ती फेरी इंटरनेटवर घेऊच नका. ऑनलाइन फेरी जरूर ठेवा, पण गाळणी म्हणून. तिच्यात चार जणांनी कॉपी केली तरी शेवटच्या निकालाला धक्का लागणार नाही अशी रचना करा. बाकीचे उपाय त्यानंतरचे.

आधी खोटे अलार्म बाजूला काढा

प्लॅटफॉर्मच्या रिपोर्टमध्ये पहिली लाल खूण येते ती ‘एकाच आयपीवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून) अनेक स्पर्धक’ अशी. कोकणात ही खूण जवळजवळ निरुपयोगी आहे. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना बाहेरून एकाच आयपीने दाखवतात. म्हणजे राजापूरचा मुलगा आणि देवगडची मुलगी एकमेकांना ओळखतही नसताना रिपोर्टमध्ये शेजारी बसलेले दिसू शकतात. आयपीवरून काढलेलं ठिकाणही बहुतेक वेळा मुंबई किंवा पुणे येतं. ‘हा तर म्हणाला मी लांज्यात आहे’ असं म्हणून कुणावर संशय घेऊ नका.

दुसरं म्हणजे आपल्याकडे मुलं खरोखरच एकत्र बसतात. घरात रेंज नाही म्हणून वाडीतली तिघं लॅपटॉप घेऊन सड्यावर किंवा शाळेच्या पडवीत जातात आणि एकाच्याच हॉटस्पॉटवर तिघं खेळतात. ती कॉपी असेलच असं नाही. यावर सोपा उपाय म्हणजे नोंदणीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवायचा: स्पर्धेच्या वेळी कुठून बसणार आणि सोबत दुसरा कुणी स्पर्धक असणार का? खरं सांगणाऱ्याला त्रास होणार नाही हेही तिथेच लिहायचं. ज्यांनी हे आधी सांगितलं त्यांचे कोड एकमेकांशी वेगळे ताडून बघता येतात, आणि न सांगता जुळलेली जोडी मग जास्त बोलकी ठरते.

टॅब बदलल्याच्या मोजणीलाही फार भाव देऊ नका. नेट तुटलं की लॅपटॉप वायफायची खिडकी पुढे आणतो, अँटिव्हायरस मध्येच डोकावतो, आणि सी प्लस प्लसचं डॉक्युमेंटेशन उघडायला तुम्हीच परवानगी दिलेली असते. परवानगी दिली आहे की नाही हे नियमावलीत लिहिलंच नसेल, तर टॅबची मोजणी दाखवून कुणाला बाद करण्याचा अधिकार तुम्हाला नाही असं मी मानतो. नियम मराठीत, एका पानात, नेमके हवेत: भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन चालेल, स्वतःचा आधी लिहिलेला कोड चालेल, छापील टिपणं चालतील. एआय, चॅट आणि त्या प्रॉब्लेमसाठी दुसऱ्याने लिहिलेला कोड चालणार नाही.

कॅमेऱ्याचा हिशेब

वेबकॅमवरून पहारा ठेवण्याची कल्पना ऐकायला बरी वाटते. हिशेब करून बघा. सेकंदाला ५०० किलोबिट इतका साधा व्हिडिओ धरला तरी दोन तासांत साडेचारशे एमबी वर पाठवावे लागतात. स्पर्धेला प्रत्यक्षात लागतो त्या डेटापुढे हे कितीतरी पट झालं. मोबाइलच्या रोजच्या पॅकवर खेळणाऱ्या मुलाचा बराचसा पॅक पहाऱ्यातच गेला, आणि अपलोड तुटलं की प्लॅटफॉर्म त्यालाच संशयित ठरवतो. फायबर असलेला मुलगा मात्र निवांत. त्यात नेटसाठी फोन टेबलावर असणारच, कारण हॉटस्पॉट तोच. त्या फोनवर काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

सेफ एक्झाम ब्राउझर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेलं. ते संगणकावर परीक्षेशिवाय दुसरं काही उघडू देत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ते छान चालतं. मुलांच्या घरच्या लॅपटॉपवर बसवायला सांगितलंत तर स्पर्धेच्या आदल्या रात्री तुमचा फोन वाजत राहील, आणि दुसरा फोन हातात असलेल्याला ते अडवूही शकत नाही.

सारखेपणा तपासताना

तपासणीचं खरं काम स्पर्धा संपल्यावर सुरू होतं. सारखे कोड शोधून देणारी दोन साधनं माहिती असावीत. मॉस हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक अ‍ॅलेक्स एकेन यांनी १९९४ साली केलेलं, शैक्षणिक कामासाठी मोफत; मेल पाठवून युजर आयडी घ्यायचा आणि स्क्रिप्टने फाइली सर्व्हरवर पाठवायच्या. जेप्लॅग हे जर्मनीतल्या कार्ल्सरूहचं. ते आपल्याच संगणकावर चालतं, जावा असलं की पुरे. मुलांचा कोड बाहेर जात नाही म्हणून मला जेप्लॅग जास्त आवडतं. मॉस वापरणार असाल तर फाइलींची नावं बदलून मुलांची नावं आणि रोल नंबर आधी काढून टाका. मॉसच्या निकालाची लिंक १४ दिवसांनी नाहीशी होते, तेव्हा पानं त्याच दिवशी उतरवून ठेवा.

दोन्ही साधनं व्हेरिएबलची नावं, मोकळ्या जागा, कमेंट यांच्याकडे बघत नाहीत. कोडाचा जो सांगाडा उरतो तो ती जुळवून बघतात. त्यामुळे ‘काउंट’चं ‘सीएनटी’ केलं म्हणून कुणी सुटत नाही.

पण मॉसमध्ये एक गोम आहे आणि नेमकी तीच आपल्याला नडते. त्यात एम नावाचं ऑप्शन आहे, आपण बदललं नाही तर त्याचा आकडा १० असतो. म्हणजे कोडाचा एखादा तुकडा दहापेक्षा जास्त फाइलींत सापडला तर तो सरांनीच दिलेला असणार असं धरून मॉस तो दाखवतच नाही. वर्गाच्या असाइनमेंटसाठी हे शहाणपणाचं आहे. पण टेलिग्रामवर उत्तर फुटलं आणि पंधरा जणांनी तेच डकवलं, तर नेमके ते पंधरा जण रिपोर्टमधून गायब होतात आणि भलतीच कुणी जोडी वर येते. स्पर्धेसाठी हा आकडा मुद्दाम मोठा करा, स्पर्धकांच्या संख्येपेक्षा मोठा. आणि खरोखर सगळ्यांकडे असतो तो कोड, म्हणजे तुम्ही दिलेला साचा, वेगवान इनपुटच्या ठरलेल्या ओळी, यूट्यूबवरून सगळ्यांनी उचललेलं सेगमेंट ट्री (आकडे साठवायची एक तयार रचना), तो बेस फाइल म्हणून, म्हणजे तुलनेतून वगळायला, वेगळा द्या. जेप्लॅगमध्येही बेस कोड देण्याची सोय आहे.

पहिले दोन सोपे प्रॉब्लेम तपासायच्या भानगडीत पडू नका. पंधरा ओळींचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिलं तरी सारखंच दिसतं. तिथे नव्वद टक्के जुळलं याला काही अर्थ नाही.

टक्के बघून झाले की दोन्ही कोड शेजारी उघडा आणि चुका शोधा. बरोबर उत्तर दोघांचं सारखं असू शकतं. पण दोघांकडे तीच न वापरलेली ॲरे (आकड्यांची यादी), तीच कधीच खरी न होणारी अट, ॲरेचा तोच विचित्र आकार, चूक शोधायला टाकलेली तीच अर्धवट पुसलेली डीबगची ओळ निघाली तर योगायोगाला जागा उरत नाही. मग सबमिशनचा क्रम बघा. स्वतः सोडवणाऱ्याची वाट वेडीवाकडी असते: चूक, पुन्हा चूक, टाइम लिमिट (प्रोग्राम ठरलेल्या वेळेत संपला नाही), मग बरोबर. उचलणाऱ्याचं पहिल्याच फटक्यात बरोबर येतं, तेही ज्याच्याशी जुळलं त्याच्यानंतर दहा मिनिटांत. तरी नुसत्या वेळेवरून कुणाला धरू नका. काही मुलं खरोखरच वेगवान असतात, आणि छोट्या गावातला वेगवान मुलगा आयोजकांच्या डोळ्यांवर जरा लवकरच येतो.

मुलांना एक गोष्ट आधीच बजावा. आयडिओनसारख्या ऑनलाइन कंपायलरवर कोड चालवला तर तो मुळात पब्लिक असतो. कुणीतरी तो शोधतो, डकवतो आणि मूळ लिहिणाराही अडकतो. कोडफोर्सेस या कोडिंग स्पर्धांच्या साइटवर या कारणाने कित्येक जण बाद झालेले आहेत.

एआयचं काय?

सारखेपणा तपासणारी साधनं इथे लंगडी पडतात, कारण चॅटबॉट दोघांना वेगवेगळा कोड देऊ शकतो. ‘हा कोड एआयने लिहिला’ असं सांगणाऱ्या डिटेक्टरवर विसंबून कुणालाही बाद करू नका. पंधरा-वीस ओळींच्या कोडावरून असा निवाडा होत नाही.

एआयला जमणार नाही असा प्रॉब्लेम काढू, हा नादही सोडा. सप्टेंबर २०२५ मध्ये अझरबैजानमधल्या बाकूला झालेल्या आयसीपीसीच्या (कॉलेजांच्या संघांची आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग स्पर्धा) जागतिक अंतिम फेरीचे प्रॉब्लेम ओपनएआय आणि गूगल यांच्या मॉडेलांनी सोडवले. बारापैकी बारा आणि दहा, असे आकडे त्या कंपन्यांनीच जाहीर केले. तिथे आपण बसून काढलेला ग्राफचा प्रॉब्लेम काय टिकणार? जुन्या प्रॉब्लेमला हापूसच्या पेट्यांची नाहीतर मांडवी एक्सप्रेसची गोष्ट जोडली तर गूगलवर थेट सापडत नाही एवढंच. चॅटबॉट ती गोष्ट बाजूला सारून मूळ प्रॉब्लेम ओळखतो.

जे करता येतं ते मर्यादित आहे, पण उपयोगी आहे. प्रत्येकाच्या प्रश्नपत्रिकेत एखादा आकडा वेगळा द्यायचा. उदाहरणार्थ, उत्तर एकाला १००९ ने भागून बाकी विचारायची, दुसऱ्याला १०१३ ने. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर कोडरनर हे प्लगइन बसवलं असेल तर असे बदल आपोआप करता येतात. बऱ्याच तयार प्लॅटफॉर्मवर ही सोय नसते. सावध कॉपीबहाद्दर आकडा बदलेल. पण शेवटच्या दहा मिनिटांत घाईघाईने डकवणाऱ्याच्या कोडात दुसऱ्याचा १०१३ तसाच राहतो, उत्तर चुकतं, आणि आकडा कुणाला दिला होता हे तुमच्या यादीत असल्यामुळे कोड कुठून आला तेही कळतं.

वेळ आणि लाईट

जुलैमध्ये ऑनलाइन स्पर्धा ठेवू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण दरवर्षी कुणीतरी ठेवतं. लाईट जाते, टॉवरची बॅटरी संपते, आणि प्रामाणिक मुलाची चाळीस मिनिटं फुकट जातात. मग तो मित्राला मेसेज करतो, ‘दुसरो झालो काय रे? पाठव मरे.’ ही कॉपी आहेच, पण तिची अर्धी जबाबदारी तारीख ठरवणाऱ्याची. गणपतीचे दिवसही नकोत. घरात पाहुणे आणि टॉवरवर सगळ्या चाकरमान्यांचे फोन. डिसेंबर-जानेवारी बरे.

लाईटवर उपाय म्हणून काही जण स्पर्धा चोवीस तास उघडी ठेवतात आणि प्रत्येकाला त्यात दोन तास स्वतः निवडू देतात. कॉपीसाठी याहून सोयीची व्यवस्था नाही. सकाळी बसलेल्याकडून संध्याकाळी बसणाऱ्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही मिळतात. सगळ्यांची सुरुवात एकाच वेळी ठेवा आणि ज्यांची लाईट गेली त्यांच्यासाठी प्रॉब्लेमचा दुसरा संच तयार ठेवून तो दुसऱ्या दिवशी द्या. मेहनत वाढते, मान्य. पण ‘सर, लाईट गेली होती’ या वाक्यावर तुमच्याकडे काहीतरी उत्तर असतं.

मुलं कॉपी का करतात

बक्षिसासाठी करणारे थोडे. बहुतेक जण करतात कारण कुणीतरी स्पर्धेतला सहभाग टर्म वर्कच्या मार्कांना जोडलेला असतो. ज्याला प्रोग्रामिंगची आवड नाही त्यालाही मग किमान तीन प्रॉब्लेम हिरवे दाखवायचे असतात. हा धागा तोडा. निम्मी कॉपी तिथेच थांबते असं माझं मत आहे, आणि नोंदणी कमी झाली म्हणून हळहळू नका.

दुसरं कारण आपल्या भागातलं. कोड मागणारा बहुतेक वेळा अनोळखी नसतो. तो वाडीतला दादा असतो, नाहीतर रोज एकाच एसटीतून येणारा सीनियर. त्याला नाही म्हणणं सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला जड जातं. म्हणून देणाऱ्यालाही शिक्षा हा नियम मला गरजेचा वाटतो. तो कडक आहे म्हणून नव्हे, तर ‘दादा, माझे पण मार्क जातील’ हे कारण त्याच्या हाती येतं म्हणून. पहिल्या वेळी त्या प्रॉब्लेमचे दोघांचेही गुण शून्य, पुन्हा सापडले तर स्पर्धेतून बाहेर. एवढं पुरतं.

अंतिम फेरी: राउटर असू दे, नेट नको

वरच्या तीस-चाळीस जणांना एका कॉलेजच्या लॅबमध्ये बोलवा. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ यांपैकी काहीही निवडा, गाडीने किंवा एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येईल असं. एका बऱ्या संगणकावर लिनक्स आणि डॉमजज बसवा. आयसीपीसीच्या स्पर्धांमध्ये वापरली जाणारी ही मोफत प्रणाली आहे. कोड घेणं, तपासणं, गुणफलक लावणं हे सगळं ती स्वतः करते. लॅबचे संगणक स्विचला, म्हणजे त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या पेटीला, जोडलेले असतातच. बाहेर जाणारी नेटची वायर तेवढी काढायची. मुलं ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आतला पत्ता टाकतात आणि स्पर्धा सुरू होते.

यात कोकणातली दुसरी अडचण आपोआप सुटते. बाहेरचं नेट गेलं तरी स्पर्धेला कळतसुद्धा नाही. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर ठेवले की लाईटच्या लपंडावात सबमिशन हरवत नाहीत. मुलांचे संगणक बंद पडले तर तेवढी मिनिटं सगळ्यांना वाढवून देता येतात, कारण सगळे एकाच छपराखाली आहेत.

तयारीतली चुकणारी जागा एकच: डॉमजजचा तपासणारा भाग, म्हणजे जजहोस्ट, त्याला लिनक्सच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये सीग्रुपचे (प्रोग्रामने किती मेमरी वापरायची यावर मर्यादा घालणाऱ्या सोयीचे) बदल लागतात. ते राहिले तर वेबपान झकास दिसतं पण सबमिशन रांगेत पडून राहतात. आदल्या दिवशी सी प्लस प्लस, जावा आणि पायथन, तिन्हींत एक बरोबर, एक चुकीचा आणि एक कधीच न थांबणारा प्रोग्राम टाकून बघा. तीनही निकाल ठीक आले की झोपायला हरकत नाही. भाषांच्या डॉक्युमेंटेशनची ऑफलाइन प्रत प्रत्येक संगणकावर ठेवा. फोन आणि स्मार्टवॉच पिशवीत, पिशव्या दाराजवळ. छापील टिपणं आणू द्या. आयसीपीसीच्या जागतिक फेरीतही संघाला २५ पानांपर्यंतची टिपणवही नेता येते.

लॅब मिळतच नसेल तर कागद-पेनाची फेरी घ्या, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडची शाळकरी मुलांसाठीची झोनल इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाड कित्येक वर्षं कागदावरच झालेली आहे.

जोडी सापडल्यावर

ग्रुपवर नावं टाकू नका. दोघांना वेगवेगळं बोलवा, दहा मिनिटं द्या, आणि कोड पुढे ठेवून त्यावरच बोला. ‘कॉपी केलीस का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर नाही असंच येतं. आणि मुलाला इंग्रजीत समजावून सांगायला लावू नका. ज्याला आपला कोड मालवणीत नीट सांगता येतो तो इंग्रजीत अडखळला म्हणून चोर ठरत नाही.

एका जोडीच्या कोडात व्हिस नावाची ॲरे होती, दोघांकडे, आणि दोघांनीही ती कुठेच वापरलेली नव्हती. सगळ्यात कमी अंतर काढायचा प्रॉब्लेम; डीएफएस आणि बीएफएस या त्यात वाट शोधायच्या दोन पद्धती. पहिल्याला विचारलं, ही कशासाठी घेतलीस रे?

‘व्हिजिटेड, सर. म्हणजे जाऊन आलेले नोड.’

‘मग वापरलीस कुठे?’

तो कोड खालीवर करत राहिला. दुसऱ्याला तेच विचारलं तर तो हसला.

‘सर, ती आधीची रवली. पयलो मी डीएफएस लिवलंय, तो टाइम लिमिटात बसलो नाय, मगे बीएफएस केलंय. हयसर डिस्टन्स उणे एक आसला की झाला, व्हिस लागणा नाय. पुसूक विसरलंय.’

त्याच्या सबमिशनच्या यादीत टाइम लिमिटचा निकाल होता आणि त्या फाइलीत डीएफएस होता. कोड कुणाचा हे कळायला टक्केवारी लागलीच नाही. दोघांचेही त्या प्रॉब्लेमचे गुण गेले, नियम आधी जाहीर होता म्हणून वाद झाला नाही.

पुरावा स्पष्ट नसेल तर अजून एक प्रश्न विचारता येतो: अट थोडी बदलली तर कोडात काय बदलशील? लिहिणारा चुकेल, पण कुठल्या ओळीत हात घालायचा हे त्याला माहीत असतं. तरीही खात्री पटली नाही तर सोडून द्या. अंतिम फेरी लॅबमध्ये आहे, तिथे काय ते दिसेलच.

निकाल लावताना पहिल्या दिवशी ‘तात्पुरता’ लिहून लावा, हरकतीसाठी तीन दिवस ठेवा, आणि सगळी सबमिशनं वेळेसकट एका पेनड्राइव्हवर उतरवून कॉलेजमधल्या जबाबदार माणसाकडे द्या. प्रमाणपत्रं त्यानंतरच छापायला टाका. छापलेलं प्रमाणपत्र परत मागणं फार कठीण जातं.